इच्छामरण : कायद्यानं काय मिळतं, काय नाही

तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस शेवटच्या दिवसांत घरी तळमळत असला, की वर्धा जिल्ह्यातल्या आंजीसारख्या गावात घरचे हात जोडतात, "डॉक्टरसायब, आता सुटका करा जी." ही मागणी मरणाच्या इंजेक्शनची आहे, असं आपण धरून चालतो. बहुतेकदा ती दुखणं थांबवण्याची असते.

"कोर्टानं इच्छामरण मंजूर केलंय" हे अर्धंच खरं. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाला यंत्रांवर जगवणं थांबवायला परवानगी दिली. प्राणघातक औषध टोचणं आजही गुन्हा आहे आणि रुग्णानं स्वतः घ्यावं म्हणून ते आणून देणंही. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये यातली दुसरी गोष्ट १९९७ पासून कायद्यानं चालते, आपल्याकडे नाही.

मुंबईच्या केईएम इस्पितळात वर्षानुवर्षं निश्चेष्ट पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना कोर्टानं मरण दिलं, असंही अनेकांना वाटतं. २०११ मध्ये त्यांच्या इच्छामरणासाठीची याचिका फेटाळली गेली. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना शेवटपर्यंत सांभाळलं. २०१५ मध्ये न्यूमोनियानं त्या गेल्या.

आपल्या जिल्ह्यात विनोबा भाव्यांचा दाखला हमखास निघतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी पवनारला अन्न, पाणी, औषध सोडलं आणि १५ तारखेला देह ठेवला. मरण यावं म्हणून कुणी त्यांना काही दिलं नव्हतं. शुद्धीवर असलेल्या प्रौढ माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आज न्यायालयानंही मान्य केला आहे.

शुद्ध गेल्यावर काय करायचं, ते लिव्हिंग विलमध्ये आधीच लिहून ठेवता येतं. त्याला कोर्टकचेरी लागते, हा समजही जुना झाला. २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. एक प्रत ग्रामपंचायतीतही देता येते. पुढे इस्पितळातली दोन वैद्यकीय मंडळं निर्णय तपासतात. दंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं असतं.

सगळ्यात घातक समज मॉर्फिन या वेदनाशामक औषधाबद्दलचा. "ते दिलं म्हणजे माणूस गेला," म्हणून घरचेच नको म्हणतात. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन आयुष्य तोडत नाही. साधी गोळी दर चार तासांनी घ्यायची असते. दुखणं उसळायची वाट पाहायची नसते. बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतंच. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा सुधारून ते मिळणं सोपं केलं, तरी खेड्यापर्यंत ते पोचलेलं नाही. ओरेगॉनसारखा कायदा हवा का, यावर वाद जरूर व्हावा. पण गोळीअभावी कण्हणाऱ्यानं मरण मागितलं, तर ती त्याची मोकळी निवड आहे, असं मी मानणार नाही.

म्हणून रुग्णाला "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून घरी आणण्याआधी डॉक्टरांना थांबवून विचारा : दुखण्यावर काय देऊ, किती वाजता, आणि रात्री वाढलं तर फोन कुणाला करू?