कोकमाचं झाड ग्वाल्हेरला का नेत नाही

माझी धाकटी मावशी लग्न होऊन बेळगावहून ग्वाल्हेरला गेली, त्याला पन्नास वर्षं झाली. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये जिथे स्थिरावली, त्या लष्कर भागात तिचं घर. मराठी घरं तिथे पुष्कळ, पण आता बऱ्याच आमट्यांत आमसुलाच्या जागी आमचूर आलंय. मावशी हटून बसलीय. परवा फोनवर म्हणाली, "अगं, या खेपेला सोलं नकोत, झाडच आण. अंगणात लावते."

नेणं सोपं, जगवणं कठीण. कोकम मूळचं सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचं. कोकण-कारवारच्या रानात, ओढ्याकाठी ते कुणी न लावता उगवतं. आपल्यातली शिरसीकडची माणसं त्याला मुरुगलु म्हणतात, मंगळूरकडे पुनर्पुळी, गोव्यात भिरंड. नावं बदलली तरी झाडाच्या अटी त्याच: अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, दमट हवा, निचऱ्याची जांभ्याची जमीन आणि लहानपणी थोडी सावली. ग्वाल्हेरचा पाऊस हजार मिलिमीटरच्या आत. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, वर ती लू. आणि जानेवारीत कडाक्याची थंडी. सदाहरित झाडानं हे सोसायचं कसं?

समजा जगलंच, तरी यात नर-मादी झाडं वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांतली निम्मी नर निघतात, आणि ते कळायलाच सहा-सात वर्षं जातात. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं १९९७ मध्ये काढलेल्या 'कोकण अमृता'ची कलमंच घ्या, असं कोकणात जागा असलेल्या प्रत्येकाला मी सांगते. मावशीला नाही सांगितलं. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे.

तेव्हा नेणार ती सोलंच. एप्रिल-मेमधली पिकली फळं, वळवानं गाठायच्या आत उतरवलेली. साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. अशी तीन-चार पुटं. बेळगावच्या पावसाळ्यात आमच्या बरणीला पाणी सुटतं. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत मात्र तीच सोलं छान राहतात. एवढं तरी त्या हवेचं कौतुक करायला हवं!

फोन ठेवता ठेवता मावशीच्या सुनेनं हळूच विचारलं, "ताई, चार माणसांच्या आमटीला किती घालायची?" तीन-चार, म्हटलं. डाळ उकळली की मग.