आधी पाणी विचारा, मग पक्षी

नांदूर मध्यमेश्वरला निघण्याआधी जाणते पक्षिनिरीक्षक तिथल्या ओळखीच्या गाइडला एक फोन हमखास करतात. कुठले पक्षी आलेत, हे नंतर. पहिला प्रश्न असतो, ‘पाणी किती आहे?’

त्याला कारण आहे. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवा संगमाजवळ इंग्रजांच्या काळात शेतीसाठी बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षं गाळ साचला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांचं फावलं. १९८६ साली इथे अभयारण्य झालं. २०१९ मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ होण्याचा मानही यालाच मिळाला. बंधाऱ्याचं मूळ काम मात्र सुरूच आहे. कालव्यांना आवर्तन सुटलं की पातळी वरखाली होते. पाणी भरलेलं असेल तर बदकं दूर मध्यावर तरंगतात. उतरलं की चिखल उघडा पडतो आणि तुतवार, शेकाटे काठाशी चरायला येतात.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. तिथे उजाडताना पोहोचावं. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे, पारा एक आकडी होतो, तेव्हा स्वेटर हवाच. तो मळखाऊ रंगाचा असलेला बरा. दुर्बीण ‘८ बाय ४२’ची पुरते: दृश्य आठपट जवळ दिसतं, भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दहापटीची घेतली तर हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो. सूर्य पाठीशी ठेवून उभं राहावं, नाहीतर समोर नुसत्या काळ्या आकृत्या!

नवख्याने सुरुवात वारकऱ्यापासून करावी. अंग काळं, चोच आणि कपाळ पांढरंशुभ्र, टिळा लावल्यासारखं. उडायचं झालं की हा पठ्ठ्या आधी पाण्यावरून थपाथपा धावत सुटतो. मग पट्टकादंब शोधावेत. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून येतात आणि भोवतालच्या शेतांतही चरतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक ओळखायला स्थानिक गाइड सोबत असावा. लांबच्या थव्यातला वेगळा पक्षी त्याला नजरेनेच कळतो.

दहानंतर ऊन चढतं, दुर्बिणीतलं चित्र थरथरू लागतं. तेव्हा सावलीत बसून वही उघडावी: तारीख, वेळ, पक्षी, अंदाजे संख्या आणि त्या दिवशीची पाण्याची पातळी.