गरम पाण्याचा हिशेब

दिवाळीचं पहिलं अभ्यंगस्नान झालं, की घरोघरी गरम पाण्याची मागणी वाढते ती थेट शिमग्यापर्यंत. मग जानेवारीत विजेचं बिल येतं आणि प्रश्न सुरू होतात, ‘गिझर कोणी चालू ठेवला होता?’ बहुतेक घरांत हा प्रश्न बाईलाच विचारला जातो. खरं तर पहाटे उठून सगळ्यांसाठी पाणी तापवणारी तीच आणि शेवटी उरलेल्या कोमट पाण्यावर आपली आंघोळ उरकणारीही तीच. म्हणून हा हिशेब आपणच मांडायला हवा, असं मला वाटतं.

आमच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता. सासूबाई पहाटे पाचला बंबफोड, गोवऱ्या घालून तो पेटवायच्या. पाणी कढत मिळायचं, पण धुरानं डोळे चुरचुरायचे आणि बंब घासायचं काम होतंच. नंतर 25 लिटरचा गिझर आला. तो वीस वर्षं चालला. गेल्या वर्षी बोअरच्या क्षारांमुळे त्याची कॉइल तिसऱ्यांदा जळली, टाकीही झिरपू लागली. वायरमन म्हणाला, ‘‘कॉइल टाकून देतो, अजून दोन वर्षं ओढेल.’’ ह्यांना ते पटलं. मी मात्र कागद-पेन घेऊन बसले.

मैत्रिणींनो, हा हिशेब अगदी सोपा आहे. 20 लिटरची एक बादली 20 अंशांनी तापवायला जवळजवळ अर्धा युनिट वीज लागते. पाच माणसांचे रोज अडीच युनिट, महिन्याचे 75. शिवाय गिझर चालूच राहिला, तर तापलेलं पाणी नुसतं गरम राखायलाही वीज जाते. आतलं आवरण जुनं झालं असेल, तर आणखीच. त्यात आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात. 100 युनिटपर्यंत एक दर, 300 पर्यंत त्याहून जास्त, 500 पर्यंत आणखी जास्त. म्हणजे आपण जो युनिट वाचवतो, तो बिलातला सगळ्यात महागडा युनिट असतो.

हे मांडल्यावर घरात सौर बंबाचा विषय निघाला. सासूबाईंचा पहिलाच प्रश्न, ‘‘पावसाळ्यात काय गं करायचं?’’ प्रश्न रास्त होता. ढगाळ दिवसांत पाणी पुरेसं तापत नाही. त्यासाठी टाकीत विजेची कॉइल बसवून घेता येते, तिचं बटण मात्र गरजेपुरतंच दाबायचं. ह्यांचा प्रश्न पैशांचा. आम्हाला 150 लिटरचा संच बसवून पंचवीस हजारांच्या आत पडला. युनिट दहा रुपयांनी धरला, तर थंडीत महिन्याला साडेसातशे वाचतात. उन्हाळ्यात गरज कमी, पावसाळ्यात भरवसा कमी. तरी चार-पाच वर्षांत पैसे वसूल होतात. माझी भिशी लागली होती, ती मी त्यातच घातली.

आमच्या बचत गटातही यावर चर्चा झाली. तुम्ही घेणार असाल, तर एवढं जरूर विचारा. पाणी बोअरचं आहे का? मग तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सपाट पॅनेलमध्ये क्षार साचून नळ्या तुंबतात. तिथे काचेच्या नळ्यांचा संच बरा, पण नळी फुटली तर बदलावी लागते. गच्चीवर दिवसभर ऊन असतं का? थंड पाण्याची टाकी पुरेशा उंचीवर आहे का? बाथरूमपर्यंतचा पाइप लांब असेल तर त्याला उष्णता टिकवणारं आवरण घालणार का? आणि एक गैरसमज. 2024 साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचं अनुदान छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या संचासाठी नाही. विक्रेता त्याचं आमिष दाखवत असेल, तर सावध राहा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या मैत्रिणींना गच्ची नसते. त्यांनी नवा गिझर घेताना जास्त तारे असलेला बघावा. ते तारे म्हणजे पाणी किती उष्णता धरून ठेवतं, त्याचं माप. तापमान 50 अंशांच्या आसपास ठेवावं आणि सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरकाव्यात. बादलीत टाकायचा रॉड वापरत असाल, तर बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोटही घालू नका. गॅस गिझर स्वस्त वाटतो, पण बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुदमरल्याचं बाहेर कळतही नाही. तो खोलीबाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीनं मात्र वेगळाच फायदा सांगितला. ती म्हणाली, ‘‘ताई, आता माझ्या आंघोळीलाही कढत पाणी असतं. कोणी बटणाकडे बघत नाही.’’ बिलात हे कुठे छापून येत नाही. पण मला विचाराल, तर खरी बचत हीच.

तेव्हा या महिन्याचं बिल आलं, की मागची बाजू उलटून बघा. वर्षभराचे युनिट लिहून काढा. थंडीत आकडा किती चढतो ते तुमच्याच लक्षात येईल. मग घरात बोलायला बसा, पण हातात कागद घेऊन.