मॅस्टोडॉनचा पत्ता, मु. पो. हेदवी

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं आणि त्याच्या निषेधात भारतातून अनेक जण मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाकडे वळले. जर्मनीत २०१६ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्याला एकच मालक नाही. स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी बोलतात. नवख्याची गाडी अडते ती इथेच, कारण आधी सर्व्हर निवडावा लागतो. पत्त्यात नाव आणि सर्व्हर असे दोन भाग असतात. पाकिटावर नावाखाली ‘मु. पो. हेदवी, ता. गुहागर’ लिहितात, तसंच. सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत येतात, जुन्या पोस्ट मात्र मागे राहतात.

एकच मालक नसला की गोपनीयता आपोआप मिळते, हा भाबडा समज. मॅस्टोडॉनवरचा खासगी संदेश सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतो. ते पाकीट नव्हे, पोस्टकार्ड. सिग्नल या संदेश अ‍ॅपचं उलट आहे: सर्व्हर एकाच संस्थेचे, पण मजकूर कुलूपबंद.

सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने गोपनीयता मूलभूत हक्क ठरली. तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली, ठरावीक कारणांसाठी, सरकार संदेश तपासण्याचा आदेश देऊ शकतं. भारतात हौसेने छोटा सर्व्हर चालवणाराही त्या कलमाच्या कक्षेत येतो.