न भरणारी जखम

कासुर्डीच्या शिवारांत उसाच्या पाचटींतून अनवाणी धांवणाऱ्या मुलाच्या पायांत बाभळीचा कांटा मोडतो. आई सुईनें तो काढिते, वर हळद दाबिते, आणि आठ दिवसांत तें भोंक बुजून जातें. तोच कांटा मधुमेह झालेल्या त्याच्या आजोबांच्या तळव्यांत शिरला, तर पुष्कळदां त्यांस तो समजतही नाहीं. जखम महिनोंमहिने ओली राहते, चिघळते, आणि कित्येकांवर बोट किंवा सबंध पाऊल कापून काढण्याचा प्रसंग येतो. कांटा एक, घर एक. मग हा भेद कां पडावा?

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवातही एका कांट्यानेंच झाली, हें वाचून वाचकांस मौज वाटेल. १८८२ सालीं इटलींतील मेसिना या बंदराच्या गांवीं इल्या मेच्निकॉफ नांवाच्या रशियन प्राणिशास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगांत गुलाबाचे कांटे टोंचून ठेविले. दुसऱ्या दिवशीं पहांटे सूक्ष्मदर्शकांतून पाहतो, तों कांट्याभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या वस्तूस वेढून गिळावयाचें हा त्या पेशींचा धर्म होय, असें त्यानें प्रतिपादन केलें. पुढें १९०८ सालीं पॉल एर्लिख यांच्यासह त्यास नोबेल पारितोषिक मिळालें.

आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशी याच जातीच्या. जखम होतांच त्यांची पहिली तुकडी धांवून येते व जंतूंशीं झुंजते. मागून ज्या थोर भक्षकपेशी येतात, त्यांस मॅक्रोफेज म्हणतात. त्यांचें काम दुहेरी असतें. गांवांत घरास आग लागली म्हणजे जीं माणसें ती विझवितात, तींच दुसऱ्या दिवशीं राख उपसून भिंत उभारावयास लागतात, तसें हें आहे. मॅक्रोफेज आधीं जंतु व मेलेलें मांस गिळून टाकितात. नंतर आपला स्वभाव पालटून नव्या रक्तवाहिन्या व नवें मांस वाढविणारीं द्रव्यें सोडितात. १९७५ सालीं लीबोविच व रॉस या संशोधकांनीं गिनीपिग या प्राण्याच्या शरीरांतील या पेशी नाहींशा करून पाहिल्या, तेव्हां जखमेंतील घाणही निघेना व नवें मांसही वेळेवर येईना.

मधुमेह्याच्या जुनाट जखमेंत नेमका हा पालटच अडतो. आग विझविणारे विझवीतच राहतात. भिंतीस कोणी हात लावीत नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्या अखंड झुंजींत जीं पाचक द्रव्यें सुटतात, तीं नव्यानें येऊं पाहणारें मांसही विरघळवून टाकितात.

मग बाहेरून ताज्या पेशी आणून दिल्या तर? इस्रायलमधील डेव्हिड डॅनन व त्यांचे सहकारी यांनीं १९८९ सालीं तरुण उंदरांच्या मॅक्रोफेज म्हाताऱ्या उंदरांच्या जखमांत घातल्या, तेव्हां त्या जखमा लवकर भरल्या. तरुणांनीं वृद्धांच्या मदतीस जावें असा हा प्रकार मला तरी फार गोड वाटला. १९९७ सालीं त्यांनीं रक्तदात्यांच्या रक्तांतून अशा पेशी तयार करून माणसांच्या न भरणाऱ्या व्रणांवर त्यांचा उपयोग केल्याचें वृत्त प्रसिद्ध केलें. याहून सोपा एक उपाय फ्रान्समध्यें शूक्रून यांनीं २००१ सालीं मांडिला. रोग्याचेंच थोडें रक्त यंत्रांत गरगर फिरवावयाचें. त्यांतून रक्तकणिका व पांढऱ्या पेशी धरून ठेवणारी लिबलिबीत चकती निघते, ती जखमेवर ठेवावयाची. आपल्या देशांतही कांहीं डॉक्टरांनीं कुष्ठरोग्यांच्या तळव्यांवरील व्रणांस ती लाविली आहे.

तथापि हा उपचार अद्याप सर्वत्र रूढ झालेला नाहीं. दात्याचें रक्त कसून तपासावें लागतें, पेशी तयार करण्यास प्रयोगशाळा लागते, आणि पायाकडे जाणारी रक्तवाहिनीच तुंबली असेल, तर केवळ पेशी घालून भागत नाहीं. शिवाय पावलावरील भार हलका केला नाहीं, तर त्यांनीं बांधलेली भिंत रोज चेंगरली जाणार. हें डॉ. पॉल ब्रँड यांनीं वेल्लोरच्या मिशन इस्पितळांत कुष्ठरोग्यांच्या बाबतींत दाखवून दिलें. १९४६ सालीं ते तेथें आले. बधिर पाय दुखत नाहीं, म्हणून रोगी जखमेवरच चालत राहतो, हें त्यांनीं ओळखिलें. प्लास्टरचा सांचा घालून पावलास विसांवा देतांच वर्षानुवर्षांचे व्रण भरूं लागले.

मधुमेह्याचा बधिर पायही असाच फसवा. आजोबांना वांकून आपला तळवा दिसत नाहीं. खालीं आरसा धरावा लागतो. तें काम शाळेंतून आलेल्या नातवास सहज करितां येतें. कांटा, फोड किंवा नुसती लाली दिसली, तरी हळद दाबून वाट पाहूं नये. त्याच दिवशीं यवतचा सरकारी दवाखाना गांठावा.