ब्राउझरच्या संहितेची साफसफाई

महाजालावरील पाने मागवून ती पडद्यावर वाचनीय रूपात मांडणाऱ्या आज्ञावलीस ब्राउझर म्हणतात. तिचा विस्तार लक्षावधी ओळींचा असतो. फायरफॉक्स व क्रोमियम या ब्राउझरांची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. कुंभकोणम् परिसरातील चोळपुरम् येथील विद्यार्थ्यासही ती वाचता येते, तिच्यातील दोष दाखविता येतो आणि दुरुस्ती सुचविता येते.

अशा संहितेत कालांतराने अडगळ साचते. एखादी सोय बंद होते, परंतु तिच्यासाठी लिहिलेल्या ओळी तशाच राहतात. एकच काम दोन ठिकाणी निरनिराळ्या रीतीने केलेले असते; मग एका ठिकाणी काढलेला दोष दुसऱ्या ठिकाणी टिकून राहतो. २०१३ च्या एप्रिल महिन्यात गूगलने ‘वेबकिट’पासून ‘ब्लिंक’ ही स्वतंत्र शाखा काढली, तेव्हा ७,००० हून अधिक फायली, म्हणजे ४५ लाखांहून अधिक ओळी, आता वगळता येतील असे जाहीर केले.

मग सारेच पुसून नव्याने का लिहू नये? नेटस्केपने आपल्या ब्राउझरची संहिता ३१ मार्च १९९८ रोजी खुली केली आणि त्याच वर्षी पाने मांडणारा जुना भाग बाजूस ठेवून नवा लिहिण्याचे ठरविले. त्यातून सिद्ध झालेली ‘मोझिला’ची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ च्या जूनमध्ये बाहेर पडली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने बहुतेक सारे क्षेत्र व्यापले होते. जुन्या संहितेतील विचित्र दिसणारी ओळ पुष्कळदा कोणा वाचकाची खरी अडचण दूर करण्यासाठीच लिहिलेली असते.

मराठीतील उदाहरण पाहू. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द भिन्न आहेत. पहिल्यात रफार, तर दुसऱ्यात अर्धा ‘ऱ’ येतो. हा भेद राखणारे नियम निरुपयोगी समजून कोणी काढले, तर गुरुजनांच्या जागी स्वयंपाकी येतील! म्हणून साफसफाई लहान लहान टप्प्यांनी केली जाते. प्रत्येक बदल दुसरा जाणकार तपासतो आणि यंत्र त्यावर अनेक चाचण्या चालविते. चाचणी फसल्यास बदल मागे घेतला जातो.

तरीही दोष निसटला, तर तो शोधण्याची रीत सोपी आहे. समजा, मधल्या काळात १,००० बदल झाले. त्यांतील मधली आवृत्ती चालवून पाहावी. दोष दिसल्यास तो पहिल्या अर्ध्यात, न दिसल्यास दुसऱ्या अर्ध्यात शिरला असला पाहिजे. असे निम्मे-निम्मे करीत गेल्यास १० तपासण्यांत नेमका बदल हाती लागतो.

या कामाचा सुरक्षिततेशी निकटचा संबंध आहे. क्रोमियममधील गंभीर सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या गैरवापरातून उद्भवतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. परत केलेली स्मृती पुन्हा वापरणे, हा त्यांतील प्रमुख प्रकार होय. असे दोष आरंभीच अडविणाऱ्या ‘रस्ट’ या भाषेत फायरफॉक्सचा पानांची शैली ठरविणारा भाग नव्याने लिहिला गेला व २०१७ मध्ये प्रचारात आला. म्हणजे घर न पाडता एक खोली बदलली गेली.

चेन्नईच्या झोहो या कंपनीने २०२३ मध्ये काढलेला ‘उला’ हा ब्राउझरही क्रोमियमवरच आधारलेला आहे. पाया समाईक असल्याने तेथील दोष अनेकांस भोवतो. आणि तेथे केलेली दुरुस्तीही, ती कोणत्याही गावातून आलेली असो, त्या सर्वांच्या उपयोगी पडते.