पुराआधीचे स्वयंसेवक

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठी पूर ही काही नवी गोष्ट नव्हे. तथापि २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांतील महापुरांनी जुन्या अनुभवांवर विसंबून राहण्याची सोय ठेवलेली नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे पाणी ५७ फुटांच्या वर चढले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरील ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून पंचगंगा ५५ फुटांच्या पलीकडे गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरकडे येणारी वाहने अनेक दिवस खोळंबून राहिली.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे महाराष्ट्रातील ठाणे पुण्याजवळ तळेगावच्या परिसरात आहे. रस्ते बुडाल्यावर तेथून निघालेल्या तुकडीला वेळ लागणार आणि एकाच वेळी शेकडो गावांनी हाका मारल्या तर प्रत्येक हाकेला धावणे तिलाही शक्य होणार नाही. पुराचा पहिला दिवस हा शेजाऱ्यांचाच असतो. दोर, नाव, ट्रॅक्टर, ट्रकची हवा भरलेली ट्यूब, जे हाताशी असेल ते घेऊन गावातील तरुणच प्रथम पाण्यात उतरतात. २०१९ मध्येही असंख्य माणसे अशाच हातांनी बाहेर काढली.

या माणुसकीचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु कौतुकाच्या भरात एक कटू घटना विसरली जाऊ नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावरील ब्रह्मनाळ या गावातून लोकांना बाहेर नेणारी ग्रामपंचायतीची नाव उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. अंगावर लाईफ जॅकेट नव्हती. नाव चालवणाऱ्यांच्या हेतूविषयी कोणी शंका घेऊ शकणार नाही. पाणी वाढत असताना, काठावर बायकामुले उभी असताना ‘आता आणखी कोणी नको’ असे म्हणणे अतिशय कठीण असते. पण ते म्हणण्याचा अधिकार कोणाला, एका खेपेत माणसे किती, प्रथम कोण, हे आधी ठरलेले नसेल, तर ऐन वेळी निर्णय घेते ती भीती.

साहस जन्मजात असेल. शिस्त मात्र सरावानेच येते. पूर्वी या नद्यांवर आंबी, कोळी यांच्या नावा नित्य चालत. पूल झाले, नावा किनाऱ्याला लागल्या आणि प्रवाहाची जाण असलेले हातही कमी झाले. पुरानंतर एखाद्या गावाला नाव मिळाली, तरी ती वर्षभर कोणी पाहणार नसेल तर पुढच्या श्रावणात तिचे इंजिन चालू होईलच, याची शाश्वती काय? गावात पोहणारे कोण, अंथरुणाला खिळलेले वृद्ध कोणत्या घरात, गरोदर स्त्रिया किती, ही यादी उन्हाळ्यातच तयार हवी.

जनावरांचा प्रश्नही असाच आहे. चिखली-आंबेवाडीसारख्या गावांतून लोक वेळेवर बाहेर पडत नाहीत, याला हट्ट म्हणणे सोपे आहे. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी हाच संसाराचा आधार, तो त्यांना दावणीला बांधून जाईल कसा? जनावरांसाठी उंचावरची जागा आणि वैरण यांची सोय आधी झाली, तर माणसेही आधी निघतील.

कायद्याची चौकट नाही, अशातला भाग नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे आली. ‘आपदा मित्र’ ही स्वयंसेवकांना शिक्षण देणारी योजना २०१६ मध्ये सुरू होऊन पुढे देशभर एक लाख स्वयंसेवकांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. प्रश्न आहे तो हे शिक्षण नदीकाठच्या शेवटच्या वाडीपर्यंत पोहोचण्याचा, त्याची दरवर्षी उजळणी होण्याचा आणि दुसऱ्यासाठी पाण्यात उतरणाऱ्याच्या कुटुंबाला विम्याचे संरक्षण असण्याचा.

शिवाय सेवा म्हणजे केवळ नाव वल्हवणे नव्हे. शाळेत निवारा उघडणारा शिक्षक, आलेल्यांची नोंद ठेवणारा कारकून, पाणी ओसरल्यावर घराघरांतील चिखल उपसणारे राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हेही तितकेच आवश्यक आहेत. २०१९ मध्ये मदतीच्या नावाखाली जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले आणि त्यांची विल्हेवाट हेच एक काम होऊन बसले. कोणत्या गावाला काय हवे, हे विचारून कळवणारा एक माणूस अशा वेळी दहा ट्रकांपेक्षा उपयोगी ठरतो.

कृष्णेचा पूर डोंगरातील लोंढ्यासारखा अचानक येत नाही. धरणांतून विसर्ग वाढल्याची वार्ता सांगलीत पाण्याच्या आधी पोहोचते. निसर्गाने दिलेली ही सवड सामान आवरण्यातच संपते, कारण बाकीची तयारी झालेलीच नसते. दर मे महिन्यात प्रत्येक नदीकाठच्या ग्रामसभेने नाव पाण्यात उतरवून पाहावी, यादी वाचून दाखवावी आणि खेपेचा प्रमुख नेमावा. याला फार पैसा लागणार नाही. ब्रह्मनाळच्या मृतांना याहून उचित श्रद्धांजली दुसरी नाही.